निफाडच्या बागेत लावलेला चष्मा

आधी माफी मागते. माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून वाईट. शाळा चौथीपर्यंत झाली, तीही आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत बुडायची. जिथे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तिथे वाचणाऱ्याने आपल्या मनाने दुरुस्त करून घ्यावं.

ही वही मी कोणाला दाखवणार नाही. पण वह्या हातोहात जातात. आमच्या पाड्यावरच्या किती तरी बायका पेठच्या पलीकडे गेलेल्या नाहीत. एखादीच्या हाती ही पडली तर तिला तिकडचा मुलूख कसा असतो ते कळावं, आणि मी तिथे काय केलं तेही कळावं. तोंडाने मला ते सांगता आलेलं नाही.

पेठहून नाशिकला

दिवाळीनंतर आमच्या बचत गटाच्या बैठकीला नाशिकहून एक मॅडम आल्या. वयाने लहान, पण सगळ्या त्यांना मॅडमच म्हणत होत्या, म्हणून मीही म्हणते. त्यांनी पिशवीतून एक काळा चष्मा काढला. काळा म्हणजे काड्या काळ्या, काचा साध्या. काडीच्या टोकाला मसुराच्या डाळीएवढा एक डोळा होता. तो कॅमेरा. चष्मा लावून आपण आपलं काम करायचं, आपले हात काय करतात ते तो टिपून घेतो. पुढे यंत्रांना हाताची कामं शिकवायला ते लागतं, असं त्या म्हणाल्या. तासाला शंभर रुपये.

कोणी हात वर केला नाही. मीही नाही. मी मागे भिंतीला टेकून बसले होते. मला चारचौघांत बोलता येत नाही. मॅडमनी माझ्याकडे बोट केलं.

"ताई, तुम्ही द्राक्षाच्या कामाला जाता ना? यात बोलायचं काहीच नाही. नुसतं काम करायचं."

बोलायचं नाही, हेच मला आवडलं.

आठ दिवसांनी मी आणि माझे मालक एसटीने नाशिकला गेलो. सावळघाटात गाडी इतकी हळू चालते की बाहेरची कारवी मोजता येते. घाट संपला की हवा बदलते, माती काळी होते. पेठ नाक्यावर उतरलो तर रस्ता ओलांडायलाच आमचा अर्धा तास गेला. कॉलेज रोडच्या मागे दुसऱ्या मजल्यावर त्यांची कचेरी. आत पंखा नसून थंडी होती. मॅडमनी चष्मा कसा चालू करायचा, कसा चार्ज करायचा ते शिकवलं. दिवसाला चार तास. आणि एक गोष्ट दोनदा सांगितली, "आजूबाजूच्या बायकांना आधी सांगायचं. ज्यांना नको असेल त्यांच्याजवळ चष्मा लावायचा नाही." मी मान हलवली.

कामाला जायच्या आधी उचल घ्यायची आमच्याकडे रीतच आहे. मॅडमनीही चाळीस तासांचे चार हजार आधीच दिले. त्याच दिवशी भद्रकालीत एका दुकानातून मी जुनं शिलाई मशीन घेतलं. मनात असं होतं की मशीन आलं की घरात बसून पोट भरता येईल, लोकांत जावं लागणार नाही. मालकांनी ते जीपच्या टपावर बांधून घरी नेलं. मी आमच्या टोळीबरोबर निफाडला निघाले.

निफाडची बाग

आमच्याकडे कुठेही उभं राहिलं तरी एखादा डोंगर आडवा येतो. निफाडला काहीच आडवं येत नाही. नजर जाते तिथवर द्राक्षाचे मांडव, मध्ये ऊस, मध्ये बंगला. पाणी नळ्यांतून थेंबाथेंबाने प्रत्येक झाडाच्या बुडाशी जातं. आमच्याकडे उन्हाळ्यात एका हंड्यासाठी दोन डोंगर उतरावे लागतात. पहिल्या दिवशी ते ठिबक बघून तुळसा म्हणाली, "इथलं झाड व्हायला पायजे व्हतं गं. जागेवर पाणी, वर सावली, आन् आपल्यासारख्या सहा बायका केस विंचरायला."

तुळसा माझ्याच वयाची, आमच्याच पाड्यावरची. तिचं तोंड पट्ट्यासारखं चालतं. टोळीत आम्ही सहा जणी होतो, काशी तर अंगावर पिणारं लेकरू घेऊन आली होती. सगळ्यात वडील जिवलीआत्या. त्या माझ्या सासऱ्यांच्या बहीण, म्हणून आत्या. मुकादम काळूदादा, तोही आमच्याच गावचा. बागेच्या मालकांना सगळे भाऊसाहेब म्हणत.

काम थिनिंगचं होतं. घडात मणी दाटीवाटीने येतात. बारीक कात्रीने त्यातले मधले मणी आणि नको त्या पाकळ्या, म्हणजे घडाच्या बारीक फांद्या, काढायच्या, म्हणजे उरलेले मोठे होतात. एकेका बाईला एकेक ओळ. मान वर, हात वर, दिवसभर. चुकून नको ती पाकळी कापली की घड बिघडला.

निफाडची थंडी मी कधी विसरणार नाही. सकाळी पानांवर हात लावला की बोटं बधिर. शेडमध्ये चुलीभोवती आम्ही सहा जणी अंगाला अंग लावून बसायचो. तिकडे बाजरीची भाकरी आणि कांद्याच्या पातीची भाजी. आमच्याकडच्या नागलीच्या भाकरीची आठवण यायची, पण भाऊसाहेबांच्या घरून आलेलं ताक मात्र मी पोटभर प्यायले. आमच्यासाठी स्टीलचे ग्लास वेगळे ठेवलेले असत, बाहेरच्या ओट्यावर. आम्ही ते धुऊन पुन्हा तिथेच ठेवायचो. त्याबद्दल कोणी काही बोलायचं नाही.

पहिल्या दिवशी मी चष्मा लावून ओळीत शिरले तर तुळसा ओरडली, "अगं बाई, मास्तरीण आली! शाळा कुठं भरवायची, मांडवाखाली का शेडमदी?"

सगळ्या हसल्या. तेव्हाच सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

"डोळ्याचा हाय," मी म्हणाले. "नंबर आलाय."

एवढंच. पुढचं सगळं त्या दोन वाक्यांवर उभं राहिलं.

चष्मा लावल्यावर मला एक वेगळंच सुख लागलं. लोक चष्म्याकडे बघतात, तोंडाकडे नाही. मी मान वर करून चालायला लागले. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

आता आत्यांचं सांगते. आत्यांना दोन वर्षांपासून नीट दिसत नव्हतं. हे टोळीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणीच कधी बोललं नव्हतं. त्यांना घरी ठेवलं असतं तर त्यांचा रोज बुडाला असता, आणि त्यांना मुलगा नाही. म्हणून त्यांची ओळ नेहमी मधली. एका बाजूने तुळसा, दुसऱ्या बाजूने मी. आपला घड झाला की हात वाकडा करून आत्यांचा घड करायचा. आत्या बोटांनी चाचपून कात्री चालवायच्या. त्यांना वाटायचं, आपणच करतो आहोत, पोरी जाता येता एखाद-दुसरा बघतात. आम्ही सगळं इतकं सहज करायचो की काळूदादालाही दिसलं नव्हतं. आमच्याकडे आवणीला म्हातारी बाई असली की तिची लावणी अशीच शेजारणी पुरी करतात. त्याला नाव पण नाही.

चौथ्या दिवशी दुपारी भाकरी खाताना आत्यांनी माझ्याकडे हात पुढे केला.

"दे गं तुझा चष्मा. बघू दे जरा."

मी दिला. नाही कसं म्हणणार? त्यांनी तो डोळ्यावर चढवला. मांडवाकडे बघितलं, आपल्या हाताकडे बघितलं, मग तुळसाकडे.

"काय दिसतंय आत्या? मी गोरी दिसते का?" तुळसाने विचारलं.

"धुकं हाय तसंच हाय," आत्या म्हणाल्या. त्यांनी चष्मा पदराने पुसून माझ्या हातात दिला. "म्हंजे माझ्या डोळ्याला आता चष्मा चालायचा नाय. संपलं ते."

काचा साध्या आहेत हे मला माहीत होतं. मी भाकरीचा तुकडा मोडला आणि कोरड्यासात बुडवला.

त्याच आठवड्यात निफाडला फुकट डोळे तपासायचं शिबिर होतं. काळूदादाने सांगितलं, ज्यांना जायचं त्यांना टेम्पोत नेतो. आत्या म्हणाल्या, "हिच्या नंबरच्या चष्म्यानं नाय दिसलं, डॉक्टरच्या चष्म्यानं काय दिसणार? रोज बुडवू कशाला?" टेम्पो गेला. मी माझ्या ओळीत होते. तेव्हाही बोलले नाही.

भाऊसाहेबांच्या ओट्यावर

दर रविवारी मॅडम यायच्या, चष्म्यातलं सगळं लॅपटॉपवर उतरवून घ्यायच्या. "सगळ्यांना सांगितलंत ना?" त्यांनी पहिल्या रविवारी विचारलं. मी "सांगितलं" म्हणाले. उचलीचे चाळीस तास भरले, वर चोवीस झाले. त्याचे दोन हजार चारशे मला रोख मिळाले. ते मी काळूदादाबरोबर घरी पाठवले.

तिसऱ्या रविवारी मॅडम खुशीत होत्या. आणखी बागांमध्ये बायका हव्या होत्या म्हणून त्यांनी भाऊसाहेबांना दाखवायला लॅपटॉप ओट्यावर मांडला. मी खांबाजवळ उभी होते. पडद्यावर माझे हात चालत होते.

"बघा काका, किती सुंदर काम आहे," मॅडम म्हणाल्या.

भाऊसाहेब वाईट माणूस नाही. पण तो द्राक्षातला माणूस आहे, घड बघितल्याशिवाय त्याला राहवत नाही. भाऊसाहेब पुढे वाकले.

"थांबवा. जरा मागं घ्या. हे हात कोणाचे?"

आत्यांचे हात होते. बोटं घडावरून आंधळ्यासारखी फिरत होती. कात्री उघडली आणि चांगली भरलेली पाकळी खाली पडली. मग डावीकडून हिरव्या बांगड्यांचे हात आले, तुळसाचे, त्यांनी घड सावरला. मग माझे हात. मग पुढचा घड, पुन्हा तसंच.

"म्हणजे मी सहा जणींचा रोज देतो आणि बागेत पाचच," भाऊसाहेब म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "काय गं, म्हातारीला दिसत नाही ना?"

मी माझ्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले. माझं गप्प राहणं त्यांनी हो म्हणून धरलं. ते होच होतं.

काळूदादाने शेडमध्ये येऊन सांगितलं. आत्यांनी उद्या सकाळी घरी जायचं, झालेला रोज मिळेल, पुढचं काम नाही.

"का पण? कोणी काय सांगितलं?" तुळसा उठून उभी राहिली.

"सांगायला कशाला पायजे? मालकानं व्हिडिओत बघितलं."

"कसला व्हिडिओ?"

काळूदादाने माझ्या नाकाकडे बोट दाखवलं. त्याला वाटत होतं बायकांना माहीत आहे.

तुळसाने माझ्याकडे बघितलं. एवढा वेळ मी कधी कोणाच्या नजरेखाली नव्हते. "हा? ह्या चष्म्यात? रोज?"

"व्हय," मी म्हणाले.

"आम्ही पदर सोडून बसलो, काशीनं लेकराला पाजलं, मी भाऊसाहेबाच्या सात पिढ्या काढल्या, ते समदं?"

"व्हय."

"अगं, इचारलं असतंस तर मी नाय म्हणले असते का? नवं लुगडं नेसून आले असते!" ती हसली नाही. "डोळं म्हातारीचं गेलं, आन् चष्मा तू इकलास."

आत्या चुलीपाशी गाठोडं बांधत होत्या. त्या म्हणाल्या, "मंग तो नंबरचा नव्हता?"

"साधी काच होती आत्या."

त्यांनी गाठ मारली. "मी शिबिराला नाय गेले," त्या म्हणाल्या. कोणाला उद्देशून नाही, हिशोब केल्यासारखं.

सकाळी मी त्यांच्याबरोबर निघाले. तुळसा फाट्यापर्यंत आली, आत्यांचं गाठोडं घेऊन. मला म्हणाली, "आमचं जे काय त्यात भरलंय ते समदं पुसून आण. पुसल्याबिगर टोळीत येऊ नको. हे मुकादमाचं नाय, आमचं सांगणं हाय."

नाशिकचा दवाखाना आणि दुसरा मजला

बसमध्ये आत्या खिडकीशी, माझ्याकडे पाठ करून बसल्या. मी ठरवलं होतं की घरी जायच्या आधी त्यांचे डोळे दाखवायचे. कोणाला काही विचारायचं मी नेहमी टाळते, पण त्या दिवशी मी सीबीएसच्या बसस्थानकावर पाच माणसांना विचारलं. एका रसवंतीवाल्याने धर्मादाय डोळ्यांच्या दवाखान्याचा पत्ता सांगितला.

डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं. "मोतीबिंदू पिकलाय. चष्म्याचं काम नाही, ऑपरेशन लागेल. आधी का नाही आणलं?"

"हिला इचारा," आत्या म्हणाल्या.

मी सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "माझी चूक झाली." डॉक्टरांनी ते रोजचंच ऐकल्यासारखं ऐकलं आणि कागद लिहायला घेतला.

दोन दिवस आम्ही तिथे राहिलो. ऑपरेशन फुकट झालं. जेवायला खिचडी मिळायची, इतकी फिकी की आत्यांनी पिशवीतली लाल मिरचीची चटणी काढून वॉर्डभर वाटली. पट्टी सोडली तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं, बराच वेळ.

"एवढी वाळलीस व्हय गं तू?" त्या म्हणाल्या. दोन दिवसांतलं माझ्याशी हे पहिलं बोलणं.

त्याच दुपारी मी कॉलेज रोडच्या मागे गेले. आत्या खाली पायरीवर बसल्या. मी मॅडमपुढे चष्मा ठेवला आणि म्हणाले की सगळं पुसून टाका.

"मी तुम्हाला विचारलं होतं ताई. तुम्ही सांगितलं म्हणालात."

"खोटं बोलले."

मॅडमनी चष्मा उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या की तो व्हिडिओ भाऊसाहेबांना दाखवणं ही त्यांचीही चूक होती. पण पैसे दिलेल्या रेकॉर्डिंगचा नियम त्यांच्या हातात नव्हता. सहा हजार चारशे रुपये पूर्ण परत आले की सगळं काढून टाकतील. तोवर पुढे कुठे पाठवणार नाहीत, हे त्यांनी कागदावर लिहून दिलं.

लासलगाव, आणि पुन्हा नाशिक

आत्यांना घरी पोचवलं आणि मशीन विकायला काढलं. चार हजाराला घेतलं होतं, ते तीन हजाराला गेलं. ज्या बाईने घेतलं तिने मला त्यावर दोन शिवणी घालून दाखवायला सांगितल्या. घरी आल्यावर मी त्यावर एक परकर तेवढा शिवला होता. ते तीन हजार मी मॅडमना नेऊन दिले.

उरले तीन हजार चारशे. टोळीत जाता येत नव्हतं, म्हणून मी एकटीच लासलगावला गेले. ओळखीचं कोणी नाही. कांद्याच्या शेडमध्ये निवडायचं काम. बाहेर ट्रॅक्टरच्या रांगा, लिलावाचा आरडाओरडा, आणि आत आम्ही पंचवीस-तीस बायका कांद्याच्या ढिगाभोवती. मोठा एकीकडे, बारीक गोल्टी एकीकडे, सडका टोपलीत. कांद्याने डोळ्यांतून पाणी येतं असं लोक म्हणतात, पण निवडताना तितकं येत नाही. धूळ मात्र नाकातोंडात जाते. तिथल्या बायका मला "मुकी" म्हणायच्या. एक दिवस एकीने मोबाइलवर आमचा सगळ्यांचा व्हिडिओ काढायला घेतला. मी उठून म्हणाले, "आधी इचारा समद्यांना." सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मुकी बोलली म्हणून हसल्या. मग तिने विचारलं, दोघी नको म्हणाल्या, त्यांना बाजूला बसवलं.

दोन महिने तिथे होते. खाऊन-पिऊन, खोलीचं भाडं जाऊन मधे एकदा दोन हजार दिले. शेवटचे चौदाशे जमले तेव्हा होळी जवळ आली होती.

मी तुळसाला निरोप पाठवला होता. ती म्हणाली होती, पुसताना आम्ही डोळ्यानं बघणार. पेठ नाक्यावर ती उतरली आणि तिच्यामागून आत्या. त्यांच्या डोळ्यावर चष्मा होता, ऑपरेशननंतर दवाखान्यातून मिळालेला. तुळसाने माझी विचारपूस केली नाही, पण माझ्या हातातली पिशवी घेतली.

मॅडमनी लॅपटॉप उघडला. माझ्या नावाखाली चौकोनच चौकोन होते.

"थांब पोरी," आत्या मॅडमना म्हणाल्या. "पुसायच्या आधी एकदा मला दाखव."

"कशाला आत्या? राहू द्या," तुळसा म्हणाली.

"माझं हात हायेत ना? मग बघू दे."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी काय सांगणार? त्यांनी एक चौकोन उघडला. मांडव, ऊन, घड. आत्यांचे हात चाचपत आले, कात्री उघडून चुकीच्या जागी बसली. तुळसाच्या बांगड्या आल्या. माझी बोटं आली. दुसरा घड. तिसरा. आत्या खुर्चीत पुढे सरकल्या. दहा-बारा घड झाले असतील. एकही त्यांचा नव्हता.

"मला वाटायचं, चार-दोन तुम्ही बघता," त्या म्हणाल्या. "अख्खी ओळच तुमची व्हती की गं."

तुळसा खाली बघायला लागली. आत्यांनी चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला. त्यांचे कान लाल झाले होते. माझ्यामुळे त्यांना या म्हातारपणी हे बघावं लागलं. आम्ही दोन वर्षं जे झाकलं होतं ते मी त्यांच्यापुढे उघडं केलं, आणि ते पुन्हा झाकता येणार नाही. बाकी सगळ्याची लाज कधीतरी कमी होईल. ह्याची होईल असं वाटत नाही.

"पूस आता," आत्या म्हणाल्या.

मी पिशवीतून चौदाशे काढून टेबलावर ठेवले. नोटांना कांद्याचा वास येत होता. मॅडमनी त्या मोजल्या. मग एकेक चौकोन निवडून काढून टाकला. तुळसा मागे उभी राहून शेवटपर्यंत बघत होती. पडदा रिकामा झाल्यावर मॅडमनी पावती लिहिली, सहा हजार चारशे, सर्व पैसे परत मिळाले, आणि सही करून ती माझ्या हातात दिली.